मशीन त्यांचं, माणसं आपली

जुनी माणसं म्हणायची, ‘जालना सोन्याचा पाळणा’. व्यापारी पेठेमुळे गावाला हे नाव पडलं. आताचं जालना ओळखलं जातं ते दोन गोष्टींसाठी, लोखंडी सळई आणि बियाणं. औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलमधून निघालेल्या सळया घेऊन ट्रक कुठल्या कुठे जातात. बियाण्याचं म्हणाल तर १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथे ‘महिको’ सुरू केली आणि पुढे एकामागून एक कंपन्या आल्या. बारवाले यांना १९९८ मध्ये जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. आमच्या गावाला त्याचा अभिमान आहे, आणि तो असायलाच हवा.

पण मैत्रिणींनो, अभिमान एका जागी आणि पोट एका जागी. एमआयडीसीच्या रस्त्यावर सकाळी उभं राहिलं की एक गोष्ट लगेच लक्षात येते. मिलमध्ये भट्टीपुढे काम करणारे बरेचसे कामगार बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा अशा लांबच्या राज्यांतून आलेले असतात. आणि शेजारच्या वस्तीतल्या, आसपासच्या खेड्यांतल्या आपल्या बाया कुठे असतात? त्या बियाणं निवडायला, पाकिटं भरायला, झाडझूड करायला, रोजंदारीवर. गेटच्या आत त्या जातात, पण काम संपलं की नाव कुठे राहत नाही. हजेरीच्या वहीत अंगठा किंवा सही, तेवढीच त्यांची नोंद.

आमच्या बचत गटाच्या कामामुळे माझं चंदनझिरा भागात आणि आसपासच्या गावांत सारखं जाणं-येणं असतं. तिथल्या बायकांना ‘तुम्हाला काय येतं?’ असं विचारलं की बहुतेक जणी हसतात. ‘आम्हाला काय येतंय ताई, अडाणी माणसं आम्ही.’ मग जरा खोदून विचारलं की कळतं. भेंडीच्या, कपाशीच्या बीजोत्पादनाच्या प्लॉटवर क्रॉसिंगचं काम कोण करतं? याच करतात. मादी झाडाच्या कळीतले पुंकेसर संध्याकाळी अलगद काढून टाकायचे, खूण करून ठेवायची, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नराच्या फुलाचा पराग नेमका त्याच फुलावर लावायचा. नखाचा धक्का लागला तर कळी गेली. वेळ चुकली तर दाणा धरत नाही. ज्या संकरित बियाण्याच्या पाकिटाला दुकानात एवढी किंमत मोजतो, ते या बोटांतून तयार होतं. एवढं नाजूक काम करणारी बाई स्वतःला अडाणी म्हणते, कारण तिच्याकडे तसा कागद नाही.

हा कागद मिळणार कुठून? आयटीआय आहे, तंत्रनिकेतन आहे, सरकारच्या कौशल्य विकासाच्या योजना आहेत. महाराष्ट्रातल्या आयटीआयमध्ये ३० टक्के जागा मुलींसाठी राखीव असतात. चौदा वर्षांच्या पुढे वयाची अट नाही, म्हणजे दोन लेकरांची आईसुद्धा जाऊ शकते. बहुतेक ट्रेडना दहावी लागते, पण वेल्डर, वायरमन अशा काही ट्रेडना आठवी पासही चालते. हे सगळं कागदावर छान आहे. तरीही आमच्या वस्तीतली बाई आपणहून त्या इमारतीची पायरी चढत नाही. तिच्या घरापासून ते वर्गाच्या दारापर्यंत चार किलोमीटरचं अंतर असेल, पण मधे अडचणी चाळीस असतात.

पहिली अडचण म्हणजे दाखला. शाळा सोडल्याचा दाखला माहेरच्या गावी, आणि माहेर मंठ्याला किंवा परतूरला. नाव लग्नाआधीचं, आधारवर लग्नानंतरचं. दुसरी अडचण वेळेची. वर्ग दहाला सुरू होतो आणि पाच वाजता सुटतो, मग रोज कोण बुडवणार? तिसरी म्हणजे लहान लेकरू. चौथी, शौचालय धड आहे का. पाचवी, जी कोणी अर्जात लिहीत नाही, ती म्हणजे घरातल्यांची परवानगी. ‘मशीनवर काम करून काय साहेब होणार आहेस का?’ हे वाक्य मी किती घरांत ऐकलं, त्याची मोजदाद नाही.

संस्थेकडे मशीन असतं, शिकवणारे सर असतात, प्रमाणपत्राचा शिक्का असतो. पण या चाळीस अडचणी संस्थेला दिसतच नाहीत. त्या दिसतात गटाच्या अध्यक्षाला, आशाताईला, अंगणवाडीच्या बाईंना. म्हणून शिकवणारी संस्था आणि वस्तीतला गट, या दोघांनी हात मिळवला तरच गाडी पुढे जाते. एकट्याने कोणाचंच जमत नाही.

ही काही आजची नवी युक्ती नाही बरं का! रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू केलं. त्या काळी विधवेने घराबाहेर पाऊल टाकणं म्हणजे केवढं धाडस! सेवासदनने बायकांना शिवण शिकवलं, शिक्षिका केलं, आणि परिचारिकेचं शिक्षण घ्यायला ससून रुग्णालयात पाठवलं. शिकवणारे डॉक्टर, पेशंट, खाटा सगळं रुग्णालयाचं. पण ‘आमच्या लेकीला तिथे पाठवायचं कोणाच्या भरवशावर?’ या प्रश्नाचं उत्तर सेवासदन होतं. भरवसा रमाबाईंच्या नावाचा होता.

पुढे १९६७ मध्ये मुंबईत पहिलं श्रमिक विद्यापीठ निघालं. कामगारांना त्यांच्या वेळेत, त्यांच्या गरजेचं शिक्षण द्यायचं, ही त्यामागची कल्पना. २००० साली या संस्थांचं नाव ‘जन शिक्षण संस्थान’ झालं आणि खेड्यापाड्यांकडे त्यांनी मोर्चा वळवला. २०१८ पासून त्या केंद्राच्या कौशल्य विकास मंत्रालयाकडे आहेत. निरक्षर, नवसाक्षर आणि मध्येच शाळा सुटलेल्यांसाठी त्यांचे वर्ग असतात. खर्चाला पैसा केंद्र सरकारचा आणि चालवणारी स्वयंसेवी संस्था, अशी ही जोडी. तंत्रनिकेतनांनी आपल्या भिंतींबाहेर पडून गावात वर्ग घ्यावेत, म्हणून ‘कम्युनिटी पॉलिटेक्निक’ ही योजनाही १९७८-७९ मध्ये केंद्राने आणली होती.

आणि आपल्या जालन्याचंच उदाहरण घ्यायचं तर खरपुडीचं कृषी विज्ञान केंद्र. देशातली कृषी विज्ञान केंद्रं निघाली तीच मुळी शेतकऱ्यांना, शेतकरी बायकांना, तरुणांना हाताने काम करत शिकवायचं म्हणून. खरपुडीचं केंद्र चालवते ती मराठवाडा शेती सहाय्य मंडळ ही स्वयंसेवी संस्था, विजयअण्णा बोराडे यांच्या पुढाकारातून उभी राहिलेली. शास्त्रज्ञ सरकारी व्यवस्थेतले आणि संस्था गावातल्या माणसांची. कडवंची गावात पाणलोटाचं काम झालं आणि कोरडवाहू गाव द्राक्षाच्या बागांसाठी ओळखलं जाऊ लागलं, त्यामागेही हीच जोडी होती. शेतीत जे जमलं ते एमआयडीसीतल्या कामात का जमू नये?

आमच्या गटांनी एका प्रशिक्षण संस्थेशी बोलून एक बॅच सुरू केली, तेव्हा आम्ही हाच विचार केला. पहिला प्रश्न होता, शिकवायचं काय? संस्थेचे सर म्हणाले, ‘शिवणकाम ठेवू, बायकांना आवडतं.’ आमच्यातली एक वयस्क बाई लगेच उठून म्हणाली, ‘सर, आमच्या गल्लीत सात मशिनी हायेत अन् ब्लाऊज शिवणाऱ्या दोन. बाकीच्या मशिनींवर आम्ही गोधड्या ठेवतो!’ सगळ्या हसल्या, पण मुद्दा खरा होता. गेली कित्येक वर्षं बाईसाठी योजना म्हटलं की शिवण, पार्लर आणि लोणची-पापड. ही कामं वाईट नाहीत. माझ्या ओळखीच्या दोघी-तिघींनी त्यावर घर चालवलंय. पण एकाच गावात पन्नास जणींना एकच काम शिकवलं तर पन्नास जणी एकमेकींचंच गिऱ्हाईक तोडणार, नाही का?

मग आम्ही उलटं केलं. आधी कारखान्यांच्या गेटवर गेलो. दोन ठिकाणी चहासुद्धा न विचारता परत पाठवलं. एका ठिकाणी मात्र व्यवस्थापकांनी बसवून घेतलं. त्यांच्याकडून कळलं की बियाण्याच्या प्रयोगशाळेत मदतनीस लागतात, काट्यावर वजनाची नोंद संगणकात करणारं माणूस लागतं, पॅकिंगच्या मशीनवर लक्ष ठेवणारं लागतं, वायरमन तर कायमच लागतो. सळईच्या कारखान्यातसुद्धा सगळंच काम भट्टीपुढचं नसतं. तयार सळईचा तुकडा मशीनमध्ये ताणून किती ताकद सोसतो ते तपासणं, त्याची नोंद ठेवणं, ही कामं बाई उत्तम करू शकते.

प्रयोगशाळा म्हटलं की बायका घाबरल्या. पण बियाण्याची उगवण तपासायची म्हणजे काय करायचं? चारशे दाणे मोजून घ्यायचे, शंभराचे चार भाग करायचे, ओल्या कागदात ठेवून गुंडाळायचं, ठरावीक उबेत ठेवायचं आणि ठरल्या दिवशी चांगले कोंब किती, वेडेवाकडे किती, मेलेले किती ते मोजायचं. सोयाबीनला शंभरात किमान सत्तर उगवले पाहिजेत, तरच ते प्रमाणित बियाणं. सरांनी हे सांगितलं तेव्हा मागून आवाज आला, ‘म्हणजे मटकीला मोड आणायचं ना सर?’ सर क्षणभर थांबले आणि म्हणाले, ‘अगदी तेच. फक्त मोजून आणि लिहून.’ त्यानंतर वर्गातली भीती गेली.

वेळ आम्ही बाराची ठेवली. सकाळचा स्वयंपाक, पाणी, मुलांची शाळा आटोपून बाई बाराला मोकळी होते, आणि तीनला सुटली की संध्याकाळच्या कामाला घरी पोचते. लेकरांसाठी अंगणवाडीशेजारच्या खोलीत गटातल्याच दोन आज्या बसायच्या. दाखल्यांसाठी एकजण खास नेमली होती, ती बसने गावोगाव फिरून शाळांमधून दाखले काढून आणायची. आणि महिना पाहून बॅच ठेवली. आमच्या भागातल्या कितीतरी घरांतून दसरा-दिवाळीनंतर ‘कोयता’ बाहेर पडतो, नवरा-बायको ऊसतोडीला जातात ते उन्हाळा लागला की परत येतात. जो वर्ग दिवाळीनंतर सुरू होईल, तो त्यांच्यासाठी नसतोच. म्हणून आम्ही वर्ग पाडव्यानंतर सुरू केला. ही गोष्ट कुठल्याही नियमावलीत लिहिलेली नसते, ती वस्तीला विचारावी लागते.

त्या बॅचमध्ये एकोणीस वर्षांची एक मुलगी होती. बारावीला एका विषयात राहिलेली. आई-वडील ऊसतोडीला जायचे, आणि घरात लग्नाची बोलणी चालू होती. ‘पोरगी वस्तीवर एकटी ठेवायची कशी?’ हा वडिलांचा प्रश्न. हा प्रश्न खोटा नाही, मैत्रिणींनो. या भीतीपायीच कितीतरी मुली शाळेतून थेट मांडवात जातात. २०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या शंभरातल्या जवळपास बावीस जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं, आणि मराठवाड्यातल्या कितीतरी जिल्ह्यांत हे प्रमाण त्याहून बरंच जास्त आहे. या मुलीची अठरा पूर्ण झाली होती, म्हणजे कायदा तिच्या आड येत नव्हता. आड येत होती फक्त तिची स्वतःची इच्छा, आणि ती कोणी विचारली नव्हती.

मी तिच्या वडिलांशी वाद घातला नाही. गटातल्या पाच-सहा जणी मिळून गेलो. त्यात तिची चुलतीही होती. चुलती म्हणाली, ‘दाजी, तुम्ही कारखान्यावरून येईस्तोवर पोरगी माझ्यापाशी राहील. जबाबदारी माझी. एवढे तीन महिने शिकू द्या.’ वडील बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘तुम्ही एवढ्या जणी आल्या, आता मी काय बोलणार?’ तीन महिन्यांचे पुढे सहा झाले. ती सध्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत मदतनीस आहे, आणि राहिलेला विषयही तिने सोडवला. पगार फार मोठा नाही. पण खात्यात जमा होतो आणि खातं तिच्या नावावर आहे. लग्नाचं आता तीच म्हणते, ‘करीन ताई, पण कामावर जाऊ देणारा पाहा.’

सगळ्यांच्याच बाबतीत असं झालं, असं मी म्हणणार नाही. पंचवीस जणी होत्या. काही मध्येच सुटल्या, काहींना काम मिळालं पण शिफ्टची वेळ जमेना, काहींच्या घरून शेवटपर्यंत होकार आला नाही. नवऱ्याला मिलमध्ये अपघात झाल्यावर घराचा भार ओढणारी एक ताई वर्गात सगळ्यांत हुशार होती. पण रोजंदारी बुडवणं तिला परवडेना, तिने महिन्याभरात वर्ग सोडला. ‘शिकत असताना पोटाला काय?’ हा तिचा प्रश्न मला अजून छळतो. मोफत शिक्षण हे गरिबाला खरोखर मोफत नसतंच, रोजची मजुरी ही त्याची फी असते. म्हणून ज्या प्रशिक्षणात विद्यावेतन आहे, तिकडे अशा बायकांना आधी वळवायला हवं. अप्रेंटिसशिपचा कायदा तर १९६१ पासून आहे. तीस किंवा अधिक माणसं काम करतात अशा कारखान्याने शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे, आणि त्या उमेदवाराला शिकता शिकता दरमहा विद्यावेतन मिळतं. आपल्या एमआयडीसीतल्या शिकाऊ उमेदवारांत मुली किती, हे गटांनी एकदा जाऊन विचारायला काय हरकत आहे?

आता थोडं कामाचं बोलू. कुठलाही वर्ग लावण्याआधी चार गोष्टी विचारून घ्याच. प्रमाणपत्र कोणाचं मिळणार आणि ते सरकारमान्य आहे का? फी आहे का, असेल तर पावती मिळणार का? शिकवायला मशीन प्रत्यक्ष आहे की नुसती वही? आणि शिकल्यावर काम मिळवून द्यायची जबाबदारी कोण घेणार? आमच्याकडे मागे एका क्लासवाल्याने ‘शंभर टक्के नोकरी’ म्हणून बायकांकडून पैसे गोळा केले आणि दोन महिन्यांत पाटी काढून गेला. ज्या चौघींनी पावती मागितली होती, त्यांनाच त्याने सुरुवातीला वर्गात घेतलं नव्हतं. ते नाकारणंच त्यांच्या पथ्यावर पडलं!

दहावी राहिली असेल तर बाहेरून सतरा नंबरचा फॉर्म भरून परीक्षा देता येते. स्वतःचा धंदा करायचा असेल तर जिल्ह्याच्या अग्रणी बँकेमार्फत चालणाऱ्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे ‘आरसेटी’त, मोफत शिक्षण मिळतं. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये राज्यात ५११ ग्रामीण कौशल्य विकास केंद्रं सुरू करण्यात आली, आपल्या जवळच्या गावात त्यातलं कुठलं आहे का, ते ग्रामपंचायतीत विचारा. आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत शिंपीकाम, कुंभारकाम, टोपल्या विणणं अशा अठरा पारंपरिक कामांसाठी प्रशिक्षण आणि अवजारांना मदत आहे. एखादं काम आधीपासून हाताला येत असेल, तर परीक्षा घेऊन त्याचंच प्रमाणपत्र द्यायची सोयही कौशल्य विकासाच्या योजनांमध्ये आहे. क्रॉसिंग करणाऱ्या आपल्या बायकांसाठी ही मागणी गटांनी लावून धरायला हवी.

कामाला लागल्यावरही हक्क माहीत असू द्या. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे २०१३ च्या कायद्याने लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती असलीच पाहिजे. हे कारखान्यात गेल्यावर पहिल्याच दिवशी विचारायचं. विचारलं म्हणून कोणी कामावरून काढत नाही, उलट ही बाई जागी आहे एवढं समोरच्याला कळतं.

एमआयडीसीतल्या उद्योजकांनाही एक सांगावंसं वाटतं. माणूस मिळत नाही, अशी तुमची तक्रार असते. गेटच्या बाहेर दोन किलोमीटरवर कामाला तयार हात आहेत. त्यांना शिकवायला संस्था आहे, आणायला गट आहेत. तुम्ही वर्षातून एकदा तुमचा एक फोरमन वर्गावर पाठवा, तुमचं एक जुनं मशीन शिकायला द्या, आणि महिलांसाठी स्वच्छ शौचालय बांधा. एवढं केलंत तर पुढचं आम्ही बघू.

आणि गटातल्या मैत्रिणींनो, आपल्या बैठकीत बचत, कर्ज, हप्ता एवढंच बोलून आपण उठतो. माविमची लोकसंचालित साधन केंद्रं असोत की ‘उमेद’चे ग्रामसंघ, बायकांचं एवढं मोठं जाळं आपल्या हाताशी आहे. पुढच्या बैठकीत वहीत एक पान वेगळं काढा. आपल्या गटात कोणाला काय येतं, कोणाचं शिक्षण कुठे थांबलं, कोणाचा दाखला कुठे अडकलाय, कोणाला दिवसाचे किती तास मोकळे मिळतात, एवढंच लिहा. ती यादी घेऊन दोघी-तिघी जवळच्या आयटीआयमध्ये जा, प्राचार्यांना भेटा आणि म्हणा, ‘सर, या आमच्या बायका. यांच्यासाठी तुमच्याकडे काय आहे?’ पहिल्या खेपेला कदाचित बसायलाही सांगणार नाहीत. दुसऱ्यांदा जा. यादी हातात असली की माणूस फार वेळ नाही म्हणू शकत नाही, हा माझा आजवरचा अनुभव आहे.